दुधाची वाटी आणि पिल्लाचे पोट

अंबाडी (ता. भिवंडी), प्रतिनिधी - भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी लागते. येथूनच एक फाटा वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो. भातशेतीच्या या पट्ट्यात आता कारखाने, गोदामे आणि शहरातील मंडळींची फार्महाऊसही दिसतात. शेताची राखण असो, गोदामाचा पहारा असो की शनिवार-रविवारची हौस, कुत्र्याचे पिल्लू या सर्वच ठिकाणी येते. ते घरात आले की त्याच्यापुढे पहिली वस्तू ठेवली जाते ती दुधाची वाटी. सोबत कुस्करलेली भाकरी, पाव किंवा ग्लुकोजची बिस्किटे. दोन दिवसांत पिल्लाला पातळ शौचास होऊ लागते. मग 'अशक्त झाले आहे' म्हणून आणखी दूध दिले जाते आणि पोट अधिकच बिघडते.

पिल्लाचे पोट बिघडणे ही तशी नित्याची गोष्ट आहे. आहारात योग्य बदल केल्यास अशी बरीच पिल्ले दोन-तीन दिवसांत सावरतात. मात्र ज्या आजारात पिल्लू एक-दोन दिवसांत दगावू शकते, त्याची सुरुवातही अशाच जुलाबांनी होते. त्यामुळे काय खाऊ घालावे हे जितके महत्त्वाचे, तितकेच घरगुती उपाय कोठे थांबवावेत हे समजणेही महत्त्वाचे ठरते.

दूध का बाधते?

कुत्रीचे दूध आणि गाईचे दूध यांत मोठा फरक आहे. कुत्रीच्या दुधात साधारणपणे ७ ते ८ टक्के प्रथिने आणि ९ ते १० टक्के स्निग्धांश असतो. दुग्धशर्करा मात्र साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. गाईच्या दुधात प्रथिने सव्वातीन टक्के, स्निग्धांश साडेतीन ते चार टक्के, तर दुग्धशर्करा पावणेपाच टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे आईच्या दुधातून मिळणारी ऊर्जा गाईच्या दुधातून मिळवायची, तर पिल्लाच्या पोटात अंदाजे तिप्पट दुग्धशर्करा जाते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असला तरी दुग्धशर्करेचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

ही शर्करा पचविणारे विकर पिल्लाच्या लहान आतड्यात असते. आईचे दूध सुटू लागते तसे त्याचे प्रमाण कमी होत जाते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढून घेते आणि तेथील जिवाणू ती आंबवू लागतात. पोट फुगणे, गुरगुरणे आणि पाण्यासारखे जुलाब हा त्याचाच परिणाम. काही पिल्लांना थोडे दूध पचते, काहींना चार चमचेही बाधतात. जुलाबांनी आतड्याचे अस्तर दुखावले असेल, तर हे विकर आणखी घटते. म्हणूनच आजारी पिल्लाला 'ताकदीसाठी' दूध देणे उलटते.

अगदी लहान, डोळेही न उघडलेल्या पोरक्या पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना दुधाशिवाय गत्यंतर नसते. पण त्यांच्यासाठी कुत्रीच्या दुधाशी जुळणारी तयार भुकटी मिळते. गाईच्या दुधात पाणी घालून देण्याची पद्धत अशा पिल्लांची उपासमारच करते.

घर बदलले, अन्न बदलले

तीन ते चार आठवड्यांच्या वयापासून पिल्लू मऊ अन्न चाटू लागते आणि सहा ते आठ आठवड्यांत आईच्या दुधापासून सुटते. अनेक पिल्ले त्याआधीच आईपासून तोडली जातात. वास्तविक आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करण्यास २०१७ च्या श्वानपैदास व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे.

नव्या घरी आलेल्या पिल्लावर एकाच वेळी अनेक बदल कोसळतात. आई नाही, भावंडे नाहीत, पाणी वेगळे आणि अन्नही वेगळे. आतड्यातील जिवाणूंची घडी ठराविक अन्नावर बसलेली असते. अन्न एका दिवसात बदलले की ती विस्कटते. यासाठी पहिले काही दिवस पिल्लू आधी जे खात होते तेच द्यावे आणि बदल सात ते दहा दिवसांत करावा. सुरुवातीला नवे अन्न एक चतुर्थांश, दोन-तीन दिवसांनी निम्मे, मग तीन चतुर्थांश आणि शेवटी पूर्ण, असा हा क्रम असतो. शौच पातळ झाल्यास एक पायरी मागे यावे.

अतिखाण्यानेही पोट बिघडते. दुधापासून सुटलेल्या पिल्लाला वजनाच्या प्रमाणात प्रौढ कुत्र्याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. पण त्याचे पोट लहान असते. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा अन्न द्यावे. घरातील प्रत्येकाने आपापला घास भरविल्यास हा हिशोब चुकतो.

पेज आणि गुरगुट्या भात

पिल्लू खेळते आहे, पाणी पिते आहे, उलटी नाही, शौचात रक्त नाही आणि केवळ शौच पातळ आहे, अशा वेळी आहारातील बदल हा पहिला उपाय. दूध, बिस्किटे, मसालेदार रस्सा, तळलेले आणि तेलकट पदार्थ तत्काळ बंद करावेत. त्याऐवजी दोन ते तीन भाग गुरगुट्या भात आणि एक भाग कातडी व हाडे काढलेली उकडलेली कोंबडी कुस्करून द्यावी. मीठ, मसाला, तेल घालू नये. मांसाहार न करणाऱ्या घरांत कोंबडीच्या जागी घरी केलेले मऊ, पाणी निथळलेले पनीर थोड्या प्रमाणात चालते, कारण दूध फाडल्यावर बरीचशी दुग्धशर्करा पाण्याबरोबर निघून जाते.

भाताविषयी ठाणे-पालघरच्या पट्ट्यात वेगळे सांगायला नको. याच रस्त्यावर पुढे असलेल्या वाड्याच्या कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिल्लासाठी मात्र तांदळाच्या जातीपेक्षा तो किती शिजला आहे याला महत्त्व आहे. चांगला शिजलेला भात सहज पचतो आणि त्यात तंतू कमी असतात. कुत्रा मांसाहारी कुळातला असला तरी माणसाच्या सहवासात पिष्टमय अन्न पचविण्याची क्षमता त्याने कमावली आहे. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचविणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात, हे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले.

प्रमाण थोडे आणि वेळा अधिक, हे सूत्र पाळावे. लहान पिल्लाला सुरुवातीस दोन-तीन चमचे, दर दोन-तीन तासांनी पुरेसे होते. भाताची पातळ पेज दिल्यास पाणीही पोटात जाते. साल-बिया काढून उकडलेला लाल भोपळा चमचाभर मिसळल्यास त्यातील तंतू शौच बांधण्यास मदत करतात. शौच घट्ट झाल्यावर आणखी एक-दोन दिवस हाच आहार ठेवून मग हळूहळू नेहमीच्या अन्नाकडे वळावे.

पोटाला विश्रांती म्हणून पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. लहान पिल्लाच्या शरीरात साखरेचा साठा अत्यल्प असतो. उपासाने रक्तातील साखर घसरून ते थरथरू लागते, प्रसंगी बेशुद्ध पडते. शिवाय आतड्याच्या अस्तरालाही पोसण्यासाठी अन्न लागते. पार्व्हो झालेल्या पिल्लांना उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवण्याऐवजी लवकर नळीने अन्न दिल्यास ती अधिक लवकर सुधारतात, असे दक्षिण आफ्रिकेतील २००३ सालच्या एका अभ्यासात आढळले. असे अन्न अर्थातच पशुवैद्यकाने द्यायचे असते, घरी बळेच भरवायचे नसते.

भात-कोंबडी हा पथ्याचा आहार आहे, कायमचा नव्हे. त्यात कॅल्शियम फारच कमी असते. महिनोन्महिने केवळ त्यावर वाढलेल्या पिल्लाची हाडे कमकुवत आणि वाकडी होतात. घरचेच अन्न द्यायचे असेल, तर त्याचे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करणेही योग्य नाही. मोठ्या जातींच्या पिल्लांना त्याचा अतिरेक अपायकारक ठरतो.

आहाराने न सुटणारे आजार

जंत हे पिल्लांच्या जुलाबांचे आणखी एक मोठे कारण. गोलकृमीची लागण आईच्या पोटातच होते, तर अंकुशकृमी आईच्या दुधातूनही येतात. त्यामुळे 'आमचे पिल्लू घराबाहेर गेलेच नाही' हा युक्तिवाद टिकत नाही. फुगलेले पोट, रुक्ष केस आणि वाढ खुंटणे ही त्याची लक्षणे. अंकुशकृमी रक्त शोषतात आणि पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या पडतात. जंतनाशक औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, दर दोन आठवड्यांनी, आठ आठवडे होईपर्यंत देण्याची शिफारस केली जाते. मात्रा वजनावर ठरते. गोलकृमींची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेल्यास त्यांनाही आजार होतो. त्यामुळे पिल्लाची विष्ठा वेळच्या वेळी उचलणे आणि हात साबणाने धुणे आवश्यक आहे.

पावसाळ्यात शेताच्या बांधावरचे आणि डबक्यातले पाणी पिऊन पिल्लांच्या आतड्यात एकपेशीय परोपजीवी शिरतात. विहीर, कूपनलिका वा टँकरचे पाणी उकळून, गार करून पाजल्यास हा धोका बराच कमी होतो.

सर्वांत भयंकर आजार म्हणजे पार्व्हो. बोलीभाषेत त्याला अनेकदा नुसते 'गॅस्ट्रो' म्हटले जाते. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. लागण झाल्यावर तीन ते सात दिवसांत पिल्लू मलूल होते, खाणे सोडते, उलट्या करू लागते आणि पाठोपाठ दुर्गंधीयुक्त, बहुधा रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि पांढऱ्या पेशींवर घाला घालतो. उपचार न झाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात. वेळेवर सलाइन आणि शुश्रूषा मिळाल्यास बहुसंख्य वाचतात. येथे भात-पेजेत घालवलेला एक दिवसही महाग पडतो.

या आजारावर लस आहे. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम रोखू शकतात, म्हणून एकाच टोचणीवर विसंबता येत नाही. विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. ज्या आवारात पार्व्होने पिल्लू गेले, तेथे लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू आणू नये. जागा घासून धुतल्यावर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या द्रावणाने विषाणू नष्ट होतो.

केव्हा थांबू नये?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय थांबवून पिल्लाला तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे: वारंवार उलट्या, शौचात रक्त किंवा काळपट रंग, खाण्यापिण्यास नकार, मलूलपणा, ताप किंवा अंग गार पडणे, लस अपूर्ण असताना जुलाब, तीन महिन्यांहून लहान वय असताना दिवसभर न थांबणारे जुलाब. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या हिशोबाने तो ताप वाटेल, पण कुत्र्यासाठी ते स्वाभाविक आहे.

शरीरातील पाणी घटले आहे का, हे घरीही पाहता येते. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत व्हायला हवी. हिरड्या ओलसर आणि गुलाबी हव्यात. हिरडीवर बोट दाबून काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतायला हवा. उलट्या होत नसतील तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत जलसंजीवनीचे पाणी चमच्याचमच्याने पाजता येते. बेशुद्ध किंवा उलट्या करणाऱ्या पिल्लाच्या तोंडात काहीही ओतू नये; ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

माणसांच्या गोळ्या पिल्लाला देणे घातक आहे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषारी ठरू शकतात, तर जुलाब थांबविण्याची काही औषधे विशिष्ट जातींच्या कुत्र्यांच्या जिवावर बेततात. साध्या जुलाबांत प्रतिजैविके सरसकट देऊ नयेत, हा विचार आता पशुवैद्यकांतही रुळला आहे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे वाटीपासून दूरच ठेवावीत. फोडणीच्या भातातील कांदाही यातून सुटत नाही.

अंबाडीसारख्या ठिकाणी अंतर हाही उपचाराचा भाग ठरतो. रात्रंदिवस सलाइनची सोय असलेला प्राण्यांचा दवाखाना गाठायचा तर बहुधा भिवंडी, कल्याण किंवा ठाणे गाठावे लागते आणि रात्रीच्या वेळी गाडीची जुळवाजुळव करण्यातच तास निघून जातात. म्हणून पिल्लू घरी आणण्याच्या दिवशीच दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक, जाण्याची सोय आणि लसीकरणाचे वेळापत्रक ठरवून ठेवावे. जाताना शौचाचा ताजा नमुना स्वच्छ बाटलीत घ्यावा आणि गेल्या दोन दिवसांत पिल्लाने काय खाल्ले याची नोंद सोबत न्यावी. पशुवैद्यकाचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि 'थोडे दूध दिले होते' हे उत्तरही त्याने पूर्वी अनेकदा ऐकलेले असते.