मॉडेल टी स्पीडस्टर : आधी ब्रेक, मग वेग

मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजमध्ये सध्या फोर्ड मॉडेल टीचा स्पीडस्टर बनतोय. आयडिया शंभर वर्षं जुनी: अवजड बॉडी काढायची, दोन बकेट सीट आणि मागे गोल टाकी बसवायची. इंजिन जेमतेम २० हॉर्सपॉवरचं, पण वजन घटलं की तीच गाडी पळते.

प्रश्न थांबण्याचा आहे. या गाडीचा पायातला ब्रेक चाकांवर लागतच नाही. तो गिअरबॉक्समधला ड्रम आवळतो. तिथून जोर शाफ्टमधून मागच्या चाकांपर्यंत जातो. पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत. मागच्या एक्सलमधले जुने बॅबिट धातूचे वॉशर चुरले, की रिंग गिअर सरकून पिनियनपासून सुटू शकतो आणि पायातला ब्रेक गायब! आपल्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

मी मात्र आधी सीट बसवल्या, एक्सल उघडलाच नाही. सुट्टीवर आलेले बाबा म्हणाले, "अरे, थांबणार कशी ते दाखव, मग बसतो." उघडला, तर वॉशरचे तुकडे तेलात. आता ब्राँझचे वॉशर टाकलेत आणि मागच्या चाकांना बाहेरून वेगळे ब्रेक लावतोय. बाबांची राइड अजून बाकी आहे. भेटू पुढच्या भागात!