खाऱ्या पाण्यातली बुरशी आणि तेलाचं विष

जेट विमानांचा वापर वाढला आणि त्यांच्या इंधनटाक्यांमध्ये एक चिवट, काळपट थर सापडू लागला. टाकीच्या तळाशी थोडंसं पाणी साचतं. ते पाणी आणि वरचं इंधन जिथे भेटतात, नेमका तिथेच हा थर वाढत होता. गाळण्या तुंबत होत्या, ॲल्युमिनियमच्या टाक्या गंजत होत्या. तपासणी झाली तेव्हा ती बुरशी निघाली. शास्त्रीय नाव हॉर्मोकोनिस रेझिनी, पण ओळख झाली ती रॉकेलवर वाढणारी बुरशी म्हणून. विमानाचं इंधन रॉकेलचंच भावंड. ही बुरशी त्यातल्या कार्बनवर जगत होती.

विमान अभियंत्यांना नकोसा झालेला हा गुण समुद्रशास्त्रज्ञांना मात्र मोलाचा वाटतो, कारण समुद्रात सांडलेलं तेल ही गेल्या शतकाने मागे ठेवलेली मोठी घाण आहे आणि ती पुरती साफ करण्याचा सोपा उपाय अजून कोणाकडेच नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल गळलं आणि रायगडच्या किनाऱ्यावरची कांदळवनं काळी पडली. पाण्यावरचा तवंग अडवता येतो, शोषून घेता येतो. चिखलात आणि मुळांच्या जाळीत शिरलेलं तेल काढायचं कसं? तिथे यंत्रं घातली तर तेलापेक्षा यंत्रांनीच जास्त नुकसान होतं.

खनिज तेल म्हणजे शेकडो पदार्थांचं मिश्रण. त्यातल्या सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनवर समुद्रातले जिवाणू तुटून पडतात. अल्कॅनिव्होरॅक्स नावाचा जिवाणू तर जवळजवळ त्यांच्यावरच पोसला जातो. प्रश्न उरतो तो वलयी हायड्रोकार्बनचा. बेंझिनची षटकोनी वलयं मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसारखी एकमेकांना चिकटून हे रेणू बनतात. दोन वलयांचं नॅप्थलीन आपल्या परिचयाचं आहे, कपाटातल्या डांबरगोळ्या त्याच्याच. तीन वलयांचं फिनँथ्रीन, चार वलयांचं पायरीन, पाच वलयांचं बेंझोपायरीन. वलयं वाढतात तसा रेणू पाण्यात विरघळेनासा होतो, गाळाच्या कणांना चिकटतो आणि जिवाणूंच्या हाती लागत नाही. बेंझोपायरीनमुळे माणसाला कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे मान्य केलं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी १६ वलयी संयुगं विशेष लक्ष ठेवण्यासाठी निवडली, आणि जगभरच्या तपासण्या आजही त्या यादीला धरून चालतात.

हे विष फक्त अपघातांतून येत नाही. जहाजाच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी, बंदरातली गळती, वाहनांचा धूर, जळणारं लाकूड आणि कोळसा यांतूनही ते रोज खाडीत उतरतं. खाडीत कालवं आणि तिसऱ्या वाढतात, आणि त्या शेवटी ताटात येतात.

बुरशीकडे या रेणूंवर उपाय असण्याचं कारण जंगलात आहे. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन हेही वलयांचंच बनलेलं असतं आणि त्याची रचना इतकी अनियमित असते की एका ठराविक आकाराला बसणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्यापुढे हतबल ठरतं. लाकूड पांढरं पाडत कुजवणाऱ्या बुरशींनी त्यावर वेगळी वाट काढली. त्या लिग्निन पेरॉक्सिडेझ, मँगनीज पेरॉक्सिडेझ आणि लॅकेझ ही विकरं पेशीबाहेर सोडतात. ही विकरं समोरच्या रेणूचा आकार फारसा पाहत नाहीत, त्यातून इलेक्ट्रॉन हिसकावतात. अस्थिर झालेला रेणू मग आपोआप मोडू लागतो. १९८५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम ही लाकूड कुजवणारी बुरशी डीडीटी आणि बेंझोपायरीनसारख्या चिवट विषांचंही ऑक्सिडीकरण करते. लिग्निनसाठी घडलेली हत्यारं विषावरही चालत होती.

पण ती बुरशी जमिनीवरची. खारं पाणी तिला मानवत नाही. समुद्रासाठी समुद्रातलीच बुरशी हवी होती, आणि इथे गोव्याचा संबंध येतो.

दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि शेषगिरी रघुकुमार या शास्त्रज्ञ दांपत्याने सागरी बुरशींचा अभ्यास दीर्घकाळ केला. समुद्रात बुरशी असते, हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. जमिनीवरून वाहून आलेले बीजाणू तेवढे सापडतात, असा समज होता. या गटाने कांदळवनातलं कुजकं लाकूड, गळून पडलेली पानं, सागरी गवत आणि खोल समुद्रातला गाळसुद्धा तपासला. पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या प्रवाळबेटांच्या उथळ पाण्यात कुजणाऱ्या सागरी गवतावर त्यांना फ्लाव्होडॉन फ्लाव्हस ही बुरशी मिळाली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की ती लिग्निन मोडणारी तिन्ही विकरं तयार करते आणि समुद्राचं पाणी घातलेल्या माध्यमातही ती तयार करू शकते.

पुढे याच संस्थेच्या संग्रहातली, कुजक्या सागरी गवतावरच मिळालेली एक बुरशी फिनँथ्रीनसोबत वाढवली गेली. लिटरमागे १२ मिलिग्रॅम फिनँथ्रीनपैकी ६० टक्क्यांहून अधिक भाग सहा दिवसांत पाण्यातून नाहीसा झाला. या प्रयोगातला सर्वांत उद्बोधक भाग पुढचा आहे. उष्णतेने मारलेल्या बुरशीनेही पाण्यातून फिनँथ्रीन जवळपास तितकंच उचललं. बुरशीभोवती चिकट बहुशर्करेचं आवरण असतं, त्यात हे तेलकट रेणू अडकतात. फरक पुढे दिसला. मेलेल्या बुरशीत ते नुसते अडकून राहिले, जिवंत बुरशीने ते मोडायला घेतले. आधी पकडायचं आणि मग मोडायचं, अशी ही दोन टप्प्यांची क्रिया आहे. ‘अमुक बुरशीने इतके टक्के प्रदूषण संपवलं’ अशी बातमी वाचताना या प्रयोगाची आठवण ठेवावी. नाहीसं झालेलं आणि नष्ट झालेलं यांत मोठं अंतर असतं.

फ्लाव्होडॉनची दुसरी कामगिरी महाराष्ट्राला अधिक जवळची आहे. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं काळं, उग्र वासाचं सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश, नदीकाठच्या गावांनी सोसलेलं आहे. फोमच्या तुकड्यांवर वाढवलेल्या या बुरशीने त्याचा रंग तर उतरवलाच, त्यातल्या बेंझोपायरीनचं प्रमाणही पाच दिवसांत सुमारे दोन तृतीयांशाने कमी केलं. प्रक्रिया केलेल्या पाण्यात ठेवलेल्या तिलापिया माशांच्या यकृताला इजा झाली नाही. कच्च्या सांडपाण्यातल्या माशांना ती झाली होती. विष कमी झालं का, याची अशी सजीवावर घेतलेली परीक्षा सगळ्याच संशोधनांत आढळत नाही.

ब्राझीलच्या साओ पावलो किनाऱ्यावरच्या प्रवाळवर्गीय प्राण्यांमधून तिथल्या शास्त्रज्ञांनी बुरशी वेगळ्या केल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ॲस्परजिलस स्क्लेरोशियोरम या बुरशीने प्रयोगशाळेत ८ दिवसांत ९९.७ टक्के पायरीन आणि १६ दिवसांत ७६.६ टक्के बेंझोपायरीन घटवलं. ही बुरशी प्रामुख्याने दुसरा मार्ग वापरते. आपल्या यकृतात औषधं आणि विषं हाताळणारी सायटोक्रोम पी-४५० नावाची विकरं बुरशीच्या पेशीतही असतात. ती वलयाला ऑक्सिजन जोडतात, रेणू पाण्यात विरघळण्याजोगा होतो आणि विषारीपणा बहुतेक वेळा घटतो.

प्रयोगशाळेबाहेर काय घडतं? २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला. ११ कामगार दगावले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिलं. अमेरिकी सरकारच्या अंदाजाने ते सुमारे ४९ लाख बॅरल होतं. किनाऱ्याला तेल लागण्यापूर्वी आणि नंतर घेतलेले वाळूचे नमुने शास्त्रज्ञांनी जनुकीय पद्धतीने तपासले. आधी वाळूत सूक्ष्म कृमींसह विविध जीव होते. काही महिन्यांनी तिथे बुरशींचं राज्य होतं, त्यातही क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया ठळक होत्या. किनारे वरून मात्र स्वच्छ दिसत होते. या बुरशींनी तेल खाल्लं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तेलाने इतर जीव मारले आणि चिवट बुरशी टिकल्या, हेही शक्य आहे. पण तेलात त्या तग धरतात एवढं नक्की.

बुरशीचा आणखी एक उपयोग जर्मनीतल्या लायपझिगच्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या बुरशींवर काम करताना दाखवला. बुरशीच्या तंतूंवरच्या पाण्याच्या पातळ थरातून प्रदूषक मोडणारे जिवाणू पोहत पुढे सरकतात आणि एरवी जिथे पोचले नसते तिथे पोचतात. बुरशीने अर्धवट मोडलेले रेणूही हे जिवाणू पुढे संपवतात. म्हणजे बुरशी आणि जिवाणू यांना एकत्र कामाला लावण्यातच शहाणपण आहे.

तेल खाणाऱ्या सूक्ष्मजीवांचा इतिहास सावध करणाराही आहे. शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी तेल मोडणारा जिवाणू घडवला आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पेटंटचा मार्ग मोकळा केला. त्याचा बराच गाजावाजा झाला, पण समुद्रातल्या तेलगळतीवर त्याचा वापर झाला नाही. बुरशीपुढेही तीच अडचण आहे. प्रयोगशाळेतल्या चंबूत नायट्रोजन, फॉस्फरस, ऑक्सिजन सगळं पुरवलेलं असतं, समुद्रात यातलं काहीच हुकमी नसतं. भरती-ओहोटी बुरशी वाहून नेते. चिखलात दोन-चार बोटांखाली ऑक्सिजन नसतो, आणि ऑक्सिजनशिवाय बुरशीची ही विकरं थांबतात. शिवाय सगळ्या बुरशी निरुपद्रवी नाहीत. ॲस्परजिलस फ्लाव्हस अफ्लाटॉक्सिन बनवते आणि ॲस्परजिलस सिडोवीने कॅरिबियन समुद्रातल्या पंखाकृती प्रवाळांमध्ये रोग पसरवला. उपयोगी म्हणून कोणतीही बुरशी खुल्या समुद्रात ओतणं हा बेजबाबदारपणा ठरेल.

म्हणूनच सागरी बुरशीची खरी जागा बंदिस्त ठिकाणी आहे. बंदरातून उपसलेला तेलकट गाळ, जहाजांतून उतरवलेलं दूषित पाणी, शुद्धीकरण कारखान्यांचं खारं सांडपाणी आणि पावसाळ्याच्या आगेमागे गोव्याच्या किनाऱ्यांवरून गोळा केलेले, तेल घट्ट होऊन बनलेले डांबरी गोळे हे सगळं टाक्यांमध्ये किंवा हवा खेळवलेल्या ढिगाऱ्यांमध्ये हाताळता येतं. तिथे ऑक्सिजन देता येतो, खत घालता येतं, विष खरोखर उतरलं का हे माशांवर आणि शिंपल्यांवर तपासता येतं. बुरशी आपल्या किनाऱ्यावरची आहे आणि तिचं मूलभूत ज्ञान आपल्याच संस्थेत जमलेलं आहे. मुंबई आणि मुरगाव बंदरांच्या उपसलेल्या गाळावर अशी चाचणी घ्यायला हवी. तिचे निकाल, चांगले असोत वा वाईट, मच्छीमारांसमोर उघडपणे ठेवले पाहिजेत.