घरच्या पडवीत मोटारीचे इंजिन

गळीत हंगाम संपला, की साखर कारखान्यात एक निराळेच काम सुरू होते. उसाच्या गाड्यांची रांग सरते, बॉयलर थंड होतो, आणि हंगामभर अहोरात्र फिरलेली यंत्रे एकेक करून उघडली जातात. रोलर निघतात, बेअरिंगे तपासली जातात, झिजलेले बदलून सारे पुन्हा जागच्या जागी बसविले जाते. ह्याला कारखान्यात ओव्हरहॉलिंग म्हणतात. तेलगावच्या मंडळींना हे समजावून सांगावयास नको. कारखाना आपल्या उशाशीच आहे. परंतु कारखाना जे काम दरवर्षी आपल्या अवाढव्य यंत्रांचे करतो, तेच एखादा हौशी माणूस घरच्या पडवीत मोटारीच्या इंजिनाचे करू शकेल काय? हा प्रश्न आम्हांस पुष्कळदा विचारला जातो. आमचे उत्तर असे, की करू शकेल. मात्र एकट्याने नव्हे. ह्या उत्तराची फोड करणे हाच आजचा विषय.

आम्ही पेशाने मेकॅनिक नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. शाळेने थोडे शिकविले, बाकीचे फिटर-टर्नर मंडळींनी शिकविले. त्यामुळे येथे जे सांगू ते एका शिकाऊ माणसाने दुसऱ्या शिकाऊ माणसाला सांगितल्यासारखे असेल.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनीचे इंजिन घेऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. इटलीतील फियाट कंपनीची ११०० जातीची मोटार तेथे तयार होऊ लागली. तिचा १९६४ साली आलेला अवतार पुढे 'पद्मिनी' ह्या नावाने घरोघर माहीत झाला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तरीही गावोगावी कोणाच्या गोठ्याशेजारी, कोणाच्या वाड्यात अशा गाड्या अजून उभ्या आहेत. शिकण्यास हे इंजिन फार सोयीचे. कारण त्यात संगणक नाही. जे काही आहे ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते.

इंजिन म्हणजे काय, हे आधी आकड्यांत पाहू. ह्या इंजिनाला चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि त्यात पिस्टन वरखाली ७५ मिलिमीटर धावतो. शाळेतले वर्तुळाचे क्षेत्रफळ आठवून गुणाकार केला तर एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २७२ घन सेंटिमीटर येते, आणि चारांचे १०८९. कागदोपत्री '१०८९ सीसी' लिहितात ते हेच. पिस्टन एकदा खाली जाताना पेट्रोल व हवा आत ओढतो, वर येताना ती दाबतो, ठिणगी पडली की धक्क्याने खाली जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर लोटतो. हे चार टप्प्यांचे चक्र जर्मनीतील निकोलाउस ओटो ह्याने १८७६ साली प्रत्यक्ष चालवून दाखविले. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेऊ लागला, म्हणजे सेकंदाला ५० फेरे झाले. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो; तेव्हा चार सिलिंडर मिळून सेकंदाला १०० स्फोट होतात. बीडहून परळीपर्यंत गाडी नेली तर किती लक्ष स्फोट झाले, ह्याचा हिशेब श्रोत्यांनी घरी करून पाहावा.

इतका मार खाऊन लोखंड झिजणारच. पण ते सगळीकडे सारखे झिजत नाही, आणि येथेच ह्या विषयाची गोडी आहे. सिलिंडरच्या वरच्या टोकाशी पिस्टनची रिंग क्षणभर थांबून उलट फिरते. तेथे उष्णता सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत कमी. म्हणून सिलिंडर वरच्या बाजूस अधिक रुंदावतो, खाली कमी. क्रँकवर पिस्टनचा जोर एका बाजूने अधिक पडतो. म्हणून त्याचे गोल भाग झिजता झिजता किंचित लंबगोल होतात. डोळ्यांना ह्यातले काहीही दिसत नाही. बोटाने चाचपून जो 'ठीक आहे' म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मायक्रोमीटर लावावा.

इंजिन उघडण्यापूर्वी ते खरोखर उघडावयास हवे काय, हे ठरवावे. एक्झॉस्टमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे; त्याला इंजिन खोलण्याची गरज नाही, कार्बुरेटर पाहावा. इंजिन तापल्यावरही दाट पांढरी वाफ येत राहिली तर पाणी आत शिरते आहे. हेडचे पॅकिंग संशयित. त्यानंतर कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. आकडे जवळजवळ सारखे असावेत. एखादा बराच खाली असेल, तर त्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगांनी जीव टाकला आहे. ऑइलने त्यांची फट तेवढ्यापुरती बुजविली. दाब वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये. केवढी साधी परीक्षा! पण तिने शेकडो रुपयांचा निष्कारण खर्च वाचतो.

आता प्रत्यक्ष काम. बॅटरीची तार काढावी, पेट्रोलची नळी बंद करावी, पाणी आणि ऑइल उतरवून घ्यावे. जळके ऑइल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते डब्यात साठवून भंगारवाल्याकडे अगर गॅरेजकडे द्यावे. इंजिन एकट्याने उचलण्याजोगे नाही. चेन-पुली आणि ती टांगण्यास भक्कम तुळई पाहिजे, आणि दोन माणसे पाहिजेत. टांगलेल्या इंजिनाखाली हात किंवा डोके घालू नये, ही गोष्ट आम्ही प्रत्येक शिकाऊ पोराला दोनदा सांगतो.

हेडचे बोल्ट सोडताना कडेकडून मध्याकडे यावे, आणि थोडे थोडे करून यावे. बसविताना उलट: मध्यापासून कडेकडे. नाही तर ॲल्युमिनियमचे हेड वाकडे होते. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. कारखान्यात रॉड आणि टोपी एकत्र घासून तयार केलेली असते. म्हणून काढताक्षणी खूण करावी: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि कोणती बाजू पुढची. काढलेला प्रत्येक नट, वायसर वेगळ्या डबीत, आणि डबीवर चिठ्ठी. हल्ली मोबाइलवर छायाचित्रे घेता येतात. ती जरूर घ्यावी. पण चिठ्ठी लिहिताना माणूस विचार करतो, तो छायाचित्र घेताना करीलच असे नाही.

ह्यानंतर कामाची वाटणी होते. घरी काय करावे आणि बाहेर काय द्यावे, हे ज्याला कळले त्याला अर्धी विद्या आली. धुणे, खरवडणे, तपासणे, व्हॉल्व्ह घासणे, रिंगा बसविणे आणि जुळणी ही घरची कामे. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पेस्ट लावून हाताने फिरवीत घासावयाचा असतो. दोन्ही पृष्ठभागांवर सारखा करडा पट्टा उमटला की पेस्ट धुऊन काढावी आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगसह बसवून वरून रॉकेल ओतावे. खाली थेंब आला नाही तर काम झाले. ही बैठक नेमकी का हवी? कारण धुराचा व्हॉल्व्ह लालबुंद होईपर्यंत तापतो, आणि त्याची बरीचशी उष्णता बैठकीतूनच बाहेर जाते. टॅपेट फार घट्ट ठेवले तर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, आणि जळतो.

रिंगेची फट पाहण्याची रीतही घरचीच. रिंग सिलिंडरात घालावी, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलावी आणि फीलर गेजने तिच्या दोन टोकांतील अंतर मोजावे. साधारण नियम असा, की व्यासाच्या दर इंचाला तीन-चार हजारांश इंच. म्हणजे आपल्या इंजिनाला पाव मिलिमीटरच्या आसपास. फट अजिबात नसेल तर तापून फुगलेल्या रिंगेची टोके एकमेकांवर आदळतात आणि सिलिंडर खरवडला जातो. अचूक आकडा मात्र कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यावा.

सिलिंडर बोअर करणे, क्रँक ग्राइंड करणे आणि हेड सपाट करणे ही कामे घरी होत नाहीत. त्यासाठी मोठी यंत्रे लागतात, आणि त्या यंत्रांवर वर्षे घालविलेला माणूस लागतो. क्रँक आणि बेअरिंग ह्यांच्यात ऑइलसाठी जी जागा सोडावयाची ती मिलिमीटरच्या काही शतांशांची. माणसाच्या केसाहूनही बारीक. ती जास्त झाली तर ऑइलचा दाब पडतो, कमी झाली तर बेअरिंग धरते. बोअर केलेल्या सिलिंडरला आरशासारखी चकाकी आणीत नाहीत. त्यावर होनिंगने मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ठेवतात, म्हणजे त्यांत ऑइल टिकते आणि नव्या रिंगा नीट बसतात. हे सारे तो कारागीर दिवसाकाठी कितीदा तरी करतो आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

जुळणी करताना प्रत्येक बेअरिंगला ऑइल, प्रत्येक बोल्टला टॉर्क पान्ह्याने मोजून दिलेला ताण, आणि प्रत्येक पायरीनंतर क्रँक हाताने फिरवून पाहणे, एवढे पथ्य पाळावे. हात अडला तर पुढे जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर पहिली नजर ऑइलच्या दाबावर ठेवावी. पहिले काही शे किलोमीटर गाडी ओझ्याने किंवा वेगाने दामटू नये, आणि त्यानंतर ऑइल लवकर बदलावे. रिंगा बसताना सुटलेला लोखंडाचा कीस त्यात असतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच नोंदणीपत्रात लिहिलेला असतो. आपला ब्लॉक ठेवून दुरुस्ती केली तर प्रश्न नाही. दुसरे इंजिन बसविले तर आरटीओकडे रीतसर नोंद करावी लागते.

अशी हौस आपल्याकडे नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरू झाला. अलीकडे २०२१ साली सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार ह्यांनी दुचाकीचे इंजिन आणि भंगारातील भाग वापरून सुमारे ६० हजार रुपयांत एक छोटी जीप बनविली आणि ती देशभर गाजली. नियमांमुळे ती रस्त्यावर चालविता येत नव्हती, हेही खरे. पण भंगारातून चालती गाडी उभी करणारे हात आपल्या खेड्यांत आहेत, ही गोष्ट त्यातून सर्वांना दिसली.

आता प्रारंभीच्या उत्तराकडे येऊ. घरी इंजिन बांधणारा माणूस शेवटी मोजदाद करू लागतो. बोअर करणारा एक, क्रँक ग्राइंडर दुसरा, चेन-पुली धरणारे दोन शेजारी, टॅपेटचा आवाज ऐकून 'अजून थोडे' सांगणारा नाक्यावरचा मिस्त्री, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तो ब्लॉक ओतणारे अनोळखी हात. त्याचे स्वतःचे काम त्या सगळ्यांच्या कामामधला एक भाग असते. आणि मग त्याला एक जुनी गोष्ट नव्याने समजते. गॅरेजवाल्याने मजुरी सांगितली, की आपण म्हणतो, 'दोन नट फिरविण्याचे एवढे?' ज्याने एकदा स्वतः मायक्रोमीटर धरला आहे, तो हे वाक्य पुन्हा बोलत नाही. नट फिरविण्याची मजुरी थोडीच असते. कोणता नट, किती आणि केव्हा फिरवावयाचा, हे शिकण्यात गेलेल्या वर्षांची ती मजुरी असते.

तेलगाव हा चार रस्त्यांचा फाटा आहे. हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक येथून रात्रंदिवस जातात, आणि ते चालते ठेवणारी मुले रस्त्याकडेच्या गॅरेजांत काम करतात. त्यांच्यापैकी अनेकांकडे एकही कागद नाही, नेमणुकीचा नाही की शिक्षणाचा नाही. हंगामी साखर कामगाराला बंद काळात रिटेन्शन अलाउन्स मिळावा ह्यासाठी संघटना उभ्या राहिल्या. ह्या मुलांसाठी अजून कोणी उभे नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करून शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद ठेवली गेली. अशी सोय आपल्या भागातील गॅरेजांपर्यंत पोहोचविणे हे कोणा एका पक्षाचे काम नव्हे, गावाचे काम आहे.

पेट्रोलचे इंजिन कायम राहील असे नाही. विजेच्या मोटारी आल्या आहेत. त्यांत पिस्टन नाही, रिंग नाही, व्हॉल्व्ह नाही. पण त्याही कोणी तरी उघडील, मोजील, नोंद करील आणि पुन्हा बांधील. त्या माणसाला आपण काय मजुरी देऊ आणि काय मान देऊ, हे मात्र आजच ठरवावे लागेल. म्हणून आमची विनंती अशी, की ज्यांना शक्य असेल त्यांनी ह्या सुट्टीत एखादे जुने इंजिन उघडावे. मोटारीचे नसले तर विहिरीवरचे, नाही तर स्कूटरचे चालेल. मुलांना शेजारी बसवावे, चिठ्ठ्या त्यांच्याकडून लिहून घ्याव्या, आणि लेथवाल्याकडे जाताना त्यांना बरोबर न्यावे.