जुन्या वेब ॲपमधलं टोस्टर ठेवायचं की काढायचं?

बेळगाव-निपाणीकडे जेक्वेरीवर बांधलेली जुनी वेब ॲप्स सांभाळणाऱ्यांसाठी. कोपऱ्यात ‘नोंद झाली’ दाखवणारी लायब्ररी अनेकदा टोस्टर असते. जॉन पापा आणि सहकाऱ्यांची, एमआयटी परवान्याची. २.१.४ नंतर वर्षानुवर्षं नवी आवृत्ती नाही.

तेवढ्यावरून लगेच काढू नका. खरा धोका वेगळाच आहे: तिचा ‘एस्केप-एचटीएमएल’ पर्याय मुळात बंद असतो. ग्राहकानं भरलेलं नाव जसंच्या तसं संदेशात गेलं, तर त्यात दडवलेला कोड ब्राउझर चालवू शकतो. आधी तो पर्याय सुरू करा! जेक्वेरी ३.५.० पूर्वीची असेल तर तीही बदला. २०२० च्या त्या आवृत्तीत अशाच त्रुटी बुजवल्या होत्या.

मराठी आणि कन्नड, दोन्ही संदेश मोबाइलवर पाहा. लांब शब्द चौकटीबाहेर जातात का तपासा. कोड छोटा आहे, स्वतः वाचता येतो, म्हणून जुन्या ॲपात मी ती ठेवीन. नव्यात मुळीच नाही.