बाष्पस्नान, जपानी
बंदिस्त कोठडीतील वाफेने अथवा तापविलेल्या दगडमातीच्या उष्णतेने शरीरास घाम आणण्याची जपानमधील पारंपरिक स्नानपद्धती. जपानी भाषेत तिला ‘मुशिबुरो’ म्हणतात. ‘फुरो’ या शब्दाने आज गरम पाण्याने भरलेले खोल स्नानपात्र सूचित होत असले, तरी पूर्वी तो शब्द वाफेच्या कोठडीस लावीत. पाण्याच्या स्नानास ‘यू’ ही वेगळी संज्ञा होती. गुहा वा बंदिस्त खोली या अर्थाच्या ‘मुरो’ या शब्दापासून ‘फुरो’ हा शब्द आला, असे एक मत आहे. सामान बांधण्याच्या चौकोनी कापडास ‘फुरोशिकी’ म्हणतात. स्नानगृहात कपडे गुंडाळून ठेवण्यासाठी व अंथरण्यासाठी त्याचा उपयोग होत असल्यामुळे ते नाव त्यास मिळाले.

इतिहास : जपानमध्ये स्नानगृहांचा प्रसार बौद्ध विहारांमार्फत झाला. भिक्षूंसाठी तापविलेल्या स्नानगृहास पाली विनयपिटकात ‘जंताघर’ असे म्हटले असून, वैद्य जीवकाच्या सूचनेवरून बुद्धाने त्यास अनुमती दिल्याची कथा तेथे आहे. जीवकाने बुद्धास व भिक्षुसंघास स्नानाचे निमंत्रण दिल्याची कथा सांगणारे एक सूत्र चिनी भाषेतून जपानमध्ये पोहोचले. संघास स्नान घडविणे हे पुण्यकर्म होय, ही त्याची शिकवण. तिला अनुसरून जपानी विहारांनी आपली स्नानगृहे गोरगरीब व रुग्ण यांनाही खुली केली. नारा येथील होक्केजी या विहाराचे बाष्पस्नानगृह सम्राज्ञी कोम्यो (७०१–६०) हिच्या नावाशी निगडित आहे. तिने एक हजार लोकांना स्वहस्ते स्नान घालण्याचा संकल्प केला व शेवटी आलेला कुष्ठरोगी हा प्रत्यक्ष अक्षोभ्य बुद्ध निघाला, अशी आख्यायिका आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निस्वेदाचे तेरा प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी जेंताक स्वेदात मातीच्या जाड भिंतींच्या वर्तुळाकार कोठडीत खैर इत्यादींची लाकडे जाळून, धूर निघून गेल्यावर रुग्णास आत नेत. अश्मघन स्वेदात शिळा अग्नीने तापवून, निखारे दूर करून व ऊन पाणी शिंपडून तीवर वस्त्र अंथरीत आणि रुग्णास निजवीत. पुढे वर्णिलेल्या जपानी प्रकारांशी यांचे साम्य लक्षणीय आहे. जेंताक व जंताघर हे शब्दही एकमेकांशी निगडित दिसतात. तथापि केवळ कृतीच्या साम्यावरून प्रत्यक्ष अनुकरण सिद्ध होत नाही. अल्प पाण्यात व मिळेल त्या सरपणात अंग शेकण्याचा उपाय निरनिराळ्या समाजांना स्वतंत्रपणेही सुचू शकतो.

प्रकार : रचनेवरून व उष्णतेच्या उगमावरून या स्नानाचे मुख्यतः चार प्रकार पडतात.

(१) कामाबुरो : क्योटोच्या ईशान्येस यासे येथे हा प्रकार प्रचलित होता. मातीच्या घुमटाकार भट्टीत पाइनच्या हिरव्या फांद्या जाळीत. नंतर निखारे व राख काढून जमिनीवर खाऱ्या पाण्याने भिजविलेल्या चटया अंथरीत आणि त्यांवर आडवे होत. ६७२ च्या यादवी युद्धात पाठीत बाण लागलेल्या राजपुत्राने (नंतरचा सम्राट तेम्मू) येथे जखम शेकली, अशी दंतकथा आहे.

(२) इशिबुरो : याचा शब्दशः अर्थ दगडी स्नानगृह. सेतो अंतर्गत समुद्राच्या काठी खडकातील गुहांत व आतील भागात दगडी कोठड्यांत हे स्नान घेत. आत काटक्या व नेचे जाळून खडक तापला, की तळावर ओल्या चटया किंवा समुद्रातील गवत पसरीत. त्यातून खारट, सुगंधी वाफ निघे. ११८० मध्ये भस्मसात झालेल्या तोदाईजी विहाराच्या पुनर्बांधणीसाठी सुओ प्रांतातून (सध्याचे यामागुची) लाकूड आणताना आजारी व जखमी झालेल्या कामगारांकरिता चोगेन (११२१–१२०६) या भिक्षूने अशा कोठड्या बांधविल्या, अशी परंपरा आहे. किशिमी येथील इशिबुरो त्यांपैकी एक होय.

(३) विहारातील लाकडी कोठडी : हिच्यात कढईतील पाण्याची वाफ फटी ठेवलेल्या फळ्यांच्या जमिनीतून वर सोडतात. क्योटोच्या म्योशिनजी विहारात सेनानी आकेची मित्सुहिदे (मृत्यू १५८२) याच्या स्मरणार्थ १५८७ मध्ये असे स्नानगृह स्थापन झाले.

(४) भूऔष्णिक बाष्पस्नान : यात सरपण लागत नाही, ज्वालामुखी प्रदेशातील नैसर्गिक वाफच खोलीत घेतात. क्यूशू बेटावरील बेप्पू शहरातील कान्नावा येथील स्नानगृह, इप्पेन (१२३९–८९) या भिक्षूने १२७६ मध्ये तेथील उग्र वाफेची विवरे शांत करून स्थापिले, असे सांगतात. सध्याची वास्तू २००६ मधील आहे. वाकून शिरण्याजोग्या लहान दारातून आत गेल्यावर वाफेने तापलेल्या जमिनीवर ‘सेकिशो’ ही वनस्पती पसरलेली आढळते. ही आपल्याकडील वेखंडाच्याच प्रजातीतील असून तिचा वास वेखंडाची आठवण करून देतो. पातळ सुती वस्त्र घालून तिच्यावर निजावयाचे, सु. आठ मिनिटांनी सेवक बाहेरून सूचना देतो. हिवाळ्यात हवा थंड असल्याने गावातील छपरांमधून व गटारांवरून निघणारे वाफेचे स्तंभ अधिक दाट दिसतात. ईशान्येकडील आकिता विभागात गोशोगाके येथे लाकडी पेटीत बसून फक्त डोके बाहेर ठेवण्याची पद्धत आहे. शेतीची कामे नसताना शेतकऱ्यांनी अशा स्थळी राहून औषधी स्नाने घेण्याची ‘तोजी’ नावाची जुनी प्रथा आहे.

परिणाम : फिनलंडमधील सौनात हवा साधारणतः ८०° ते १००° से. पर्यंत तापलेली, परंतु कोरडी असते. त्यामुळे घाम बाष्परूपाने उडून त्वचा काही अंशी थंड राहते. बाष्पस्नानात हवा जलबाष्पाने जवळजवळ संपृक्त असल्याने घाम उडत नाही व वाफ त्वचेवर द्रवरूप होताना आपली सुप्त उष्णता तीस देते. म्हणून कमी तापमानातही शरीर लवकर तापते. त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, नाडी जलद होते व स्नायू शिथिल होतात. संधिवात, कंबरदुखी यांवर त्यामुळे तात्पुरता आराम पडतो. व्याधी समूळ जाते, ही समजूत मात्र निराधार आहे. हृद्रोगी व गर्भवती यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मद्यपानानंतर हे स्नान वर्ज्य समजावे. स्नानानंतर पुरेसे पाणी प्यावे.

ऱ्हास व सद्यःस्थिती : एदो (सध्याचे टोकिओ) येथे १५९१ मध्ये निघालेले सार्वजनिक स्नानगृह बाष्पस्नानाचेच होते. नंतर उथळ पाणी व वाफ यांचा संयोग करणारी स्नानगृहे आली. त्यांत वाफ कोंडून ठेवण्यासाठी प्रवेशाची वाट इतकी ठेंगणी ठेवीत, की वाकूनच आत जावे लागे. पुढे खोल हौदांतील गरम पाण्याचे स्नान रूढ झाले व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी ठेंगणी दारेही नाहीशी झाली. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकनंतर सौनाचा प्रसार वाढला. पुष्कळ जपानी लोक तो केवळ परदेशी प्रकार समजतात. देशी परंपरेशी त्याचे असलेले साधर्म्य क्वचितच ध्यानात येते.

सरपणावर चालणारी स्नानगृहे गावाच्या सामायिक श्रमावर अवलंबून होती. फांद्या तोडणे, समुद्रगवत काढणे व कित्येक तास जाळ धरणे यांसाठी माणसे लागत. ग्रामीण लोकसंख्या घटली व वृद्ध झाली, तशी ही कामे करणारे हात उरले नाहीत. हिरोशिमा विभागातील तादानोउमी येथील समुद्रकाठचे इशिबुरो २०१६ मध्ये बंद झाले. काही वास्तूंना सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला आहे. पण त्यामुळे दगड व भिंती टिकतात, स्नान टिकतेच असे नाही. सरपण कोणते घ्यावे, खडक पुरेसा तापला हे कशावरून ओळखावे, धूर निघून गेल्यावर आत केव्हा जावे, हे ज्ञान वापरातूनच पुढील पिढीस मिळते. कान्नावा येथे उष्णता भूगर्भातून आपोआप मिळत असल्याने तेथील स्नान नित्य चालू आहे. इतरत्र स्थानिक मंडळे अधूनमधून भट्टी पेटवितात, तेथेच ही परंपरा जिवंत राहिली आहे.