उद्यानाची कायमी तिथी

जकात नाक्यांवरील मालमोटारींच्या रांगा आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. त्या जकातीच्या जागी बहुतेक शहरांत स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांच्या तीव्र विरोधानंतर 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींहून कमी उलाढाल असणाऱ्यांची त्यातून सुटका झाली. मुंबईतील जकात तेवढी उरली होती. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच तीही इतिहासजमा झाली. आपली डोकेदुखी गेली, हे खरे. परंतु महापालिकांच्या हातचे रोजचे उत्पन्नही त्याबरोबर गेले आणि शासनाच्या भरपाईकडे डोळे लावून बसणे त्यांच्या नशिबी आले. स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो घरपट्टीचा. ती वाढवण्यास लोकप्रतिनिधी सहसा धजावत नाहीत. मुंबईत तर 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट मिळाली. पाणी, कचरा, रस्ते, रुग्णालये यांची तरतूद झाल्यावर जे शिल्लक राहते, त्यात उद्यानांचा क्रमांक लागतो.

नवे उद्यान बांधायला पैसा मिळतो. ते जगवायला मिळत नाही, ही खरी अडचण आहे. कोनशिला बसते, कारंजे उडते, आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर कारंज्याचा पंप बंद पडतो तो कायमचा.

यावर उपाय म्हणून मुंबई महापालिकेने उद्याने व मैदाने खासगी संस्थांच्या हाती सोपवण्याचा मार्ग काढला. हेतू वाईट नव्हता. परंतु काळजीवाहू तत्त्वावर जागा घेणाऱ्यास तिच्या काही भागावर बांधकामाची मुभा मिळाली आणि काही ठिकाणी सार्वजनिक मोकळ्या जागेवर सभासदांपुरते क्लब उभे राहिले. जानेवारी 2016 मध्ये नवे दत्तक धोरण मंजूर झाले तेव्हा नागरिकांनी एवढा विरोध केला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यास स्थगिती दिली. करवाढ टळली, पण सामान्य माणसासाठी फाटक बंद झाले, तर हा सौदा तोट्याचाच म्हणावा लागेल.

याच शहरात उलटे उदाहरणही आहे. सुमारे 22 एकरांचे ओव्हल मैदान गेल्या शतकाच्या अखेरीस दुर्दशेला पोचले होते. परिसरातील रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयाची पायरी चढून त्याची देखभाल स्वतःकडे घेतली आणि देणग्यांच्या बळावर मैदान पुन्हा हिरवे केले. मालकी शासनाचीच राहिली. क्रिकेट खेळणाऱ्या कोणत्याही मुलाला तेथे मज्जाव नाही.

परदेशातील अनुभव पाहायचा तर न्यूयॉर्कचा पाहावा. 1975 च्या सुमारास ती महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती आणि 341 हेक्टरांचे सेंट्रल पार्क उजाड झाले होते. 1980 मध्ये नागरिकांनी त्यासाठी एक विश्वस्त संस्था स्थापन केली. आज उद्यानाच्या वार्षिक खर्चाचा मोठा भाग ही संस्था देणग्यांतून उभा करते. जमीन मात्र शहराचीच आहे. तेथे 10,000 डॉलर देऊन एक बाक दत्तक घेता येतो. दात्याने सुचवलेला मजकूर कोरलेली लहानशी पट्टी बाकावर बसते आणि रक्कम बाकांच्या कायमच्या देखभालीच्या निधीत जमा होते. आपल्या भोजनशाळांतील कायमी तिथी यापेक्षा निराळी नाही: मुद्दल ठेवीत राहते, व्याजातून दरवर्षी काम चालते. 2012 मध्ये गुंतवणूकदार जॉन पॉल्सन यांनी या उद्यानाला 10 कोटी डॉलर दिले, तेव्हाही निम्मी रक्कम कायम निधीसाठीच होती.

तेथून काही अंतरावरील ब्रायंट पार्क हे लहान, पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद. एके काळी अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा बनलेले हे उद्यान 1988 मध्ये बंद करून 1992 मध्ये नव्या रूपात खुले झाले. भोवतालचे इमारतमालक आपल्या मालमत्तेच्या प्रमाणात वर्गणी देतात. ही वर्गणी सक्तीची असते आणि महापालिकेमार्फतच गोळा होते, तेव्हा तिला कराची धाकटी बहीण म्हटले तरी चालेल. फरक एवढाच की तो पैसा त्याच परिसरात खर्च होतो आणि व्यवस्थापनात देणाऱ्यांनाही स्थान असते. पांजरापोळीसाठी मालाच्या व्यवहारावर लागा बसवणाऱ्या आपल्या महाजनांना ही रीत परकी वाटली नसती. याखेरीज उपाहारगृहाचे भाडे, हिवाळी बाजारातील गाळे, प्रायोजक. परंतु येथेही एक खोच आहे. 2010 पर्यंत फॅशन सप्ताहाचे तंबू याच हिरवळीवर पडत आणि तेवढे दिवस हिरवळ लोकांना दुरावत असे. भाडे देणारा गोड लागतो, पण तो जागा अडवतो.

आता आपल्या खिशाकडे येऊ. निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून अधिक असलेल्या कंपनीस सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक आहे, आणि त्यातून उद्यान होऊही शकते. मात्र 2021 च्या सुधारित नियमांनंतर एखाद्या संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. म्हणजे कंपनीचा पैसा कारंजे बसवील; माळ्याच्या पगाराची ठेव कुटुंबालाच करावी लागेल. 25 लाखांची ठेव सात टक्के दराने धरली तर वर्षाला 1 लाख 75 हजार, महिन्याला साडेचौदा हजार रुपये. एवढ्यात एका माळ्याचाही पूर्ण पगार भागेल असे नाही, आणि महागाई व्याज खात राहील. म्हणून एकट्याने पाटी लावण्यापेक्षा पाच-दहा पेढ्यांनी एकत्र येणे शहाणपणाचे, आणि व्याजाचा थोडा भाग दरवर्षी मुद्दलात परत टाकावा.

करार करताना नावाच्या पाटीच्या आकारावर जितकी चर्चा होते, तितकी तीन गोष्टींवर व्हावी: फाटक किती तास उघडे राहणार, प्रवेशशुल्क कधीही लागणार नाही हे लेखी आहे का, आणि बांधकामास एक फूटही जागा न देण्याची अट आहे का. हिशेब दरवर्षी फाटकावरच लावावा; येणाऱ्या-जाणाऱ्याला तो उभ्या उभ्या वाचता आला पाहिजे.