शून्य क्रमांकाचा पाहुणा

बल्बासॉर पहिला, म्यू शेवटचा, ही पोकेमॉन गेममधल्या प्राण्यांच्या यादीची, म्हणजे पोकेडेक्सची, अधिकृत हकिकत. १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये बाजारात आलेल्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या पहिल्या गेमची ही यादी पोरांना तोंडपाठ आहे. पण गेमच्या पोटात दुसरीच यादी आहे आणि ती साधारणपणे प्राणी जसजसे तयार होत गेले तसतशी भरलेली. तिथे पहिला नंबर ऱ्हायडनचा. बिचारा बल्बासॉर १५३ वा! चित्रकार केन सुगिमोरींच्या सांगण्यानुसार सगळ्यात आधी जन्मला तो ऱ्हायडनच. दाखवायच्या यादीत त्याला ११२ व्या जागी ढकललं खरं; पण गेममधल्या प्रत्येक जिमच्या (लढतींच्या आखाड्याच्या) दारात जे दगडी पुतळे उभे आहेत ते एकदा नीट बघा. थेट ऱ्हायडनचा तोंडवळा.

या आतल्या यादीत जागा १९० आणि प्राणी १५१. उरलेल्या ३९ जागांवर एकच पाटी, ‘मिसिंगनो’. कच्च्या आराखड्यातून गळालेल्यांच्या या रिकाम्या खुर्च्या. त्या तशाच सोडल्या, कारण तिथवर कोणी पोचणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती. (सॉफ्टवेअरवाल्यांची अशी खात्री ऐकली की मी आधी बॅकअप घेतो.)

म्यूची गोष्ट तर सरळसरळ मागच्या दाराची. काम संपलं, चुका शोधण्याची अवजारं काढून टाकली आणि कार्ट्रिजमध्ये जेमतेम ३०० बाइट जागा उरली. आता कशालाही हात लावायचा नाही, असा ठरलेला शिरस्ता. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने नेमक्या त्याच जागेत १५१ वा प्राणी कोंबला. घाई इतकी, की बाकी दीडशेंची आकडेवारी एका रांगेत आणि म्यूची भलत्याच कोपऱ्यात. हा प्राणी बाहेर दिसणारच नव्हता. एका बगमुळे काही जणांना दिसला आणि बोभाटा झाला. मग गेमच्या कंपनीने जे केलं त्याला दाद द्यावी लागेल. ‘कोरोकोरो’ मासिकातून २० जणांना म्यू देण्याची जाहिरात केली. अर्ज आले ७८ हजार. गंमत म्हणजे गेममधल्या सेलाडॉन शहरात गेम बनवणाऱ्यांचंच जे छोटं ऑफिस आहे तिथे पोकेडेक्स पूर्ण केल्याचं प्रशस्तिपत्र मिळतं, आणि त्यासाठी १५० नोंदी पुरतात. ज्याच्यासाठी एवढी झुंबड उडाली, त्याला त्या ऑफिसात कोणी विचारत नाही.

माझा सगळ्यात लाडका किस्सा मात्र हजेरीपटाचा. पोकेडेक्स म्हणजे आतून हजेरीपटच: प्रत्येक प्राण्यापुढे दोन खुणा, ‘पाहिला’ आणि ‘पकडला’. एका खुणेला एक बिट. म्हणजे १५१ प्राण्यांसाठी एका रकान्याला १९ बाइट. चोख हिशेब. आता इंग्रजी आवृत्तीत विरिडियन शहरातले म्हातारबुवा पोकेमॉन कसा पकडायचा ते शिकवतात. तेवढ्या वेळापुरतं पडद्यावर त्यांचं नाव यावं म्हणून तुमचं नाव रानातल्या प्राण्यांच्या जागेत तात्पुरतं ठेवलं जातं. ते पुसायचं मात्र राहून गेलं. तिथून उडून सिनाबार बेटाच्या किनाऱ्यालगत पोहायला लागा, की तुमच्याच नावाची अक्षरं पोकेमॉन बनून समोर येतात. त्यातच मिसिंगनो निघतो.

आता हजेरी घेणाऱ्याची पंचाईत बघा. मिसिंगनोचा पोकेडेक्स क्रमांक शून्य. मोजणी शून्यापासून असल्याने गेम क्रमांकातून एक वजा करतो. एका बाइटमध्ये उणे एक बसत नाही, म्हणून उत्तर येतं २५५. पट १५१ वर संपलेला, तरी गेम इमानदारीत पुढे मोजत जातो आणि २५५ व्या ठिकाणी ‘पाहिला’ अशी खूण करून मोकळा होतो. ती जागा पटाची नाहीच. ती तुमच्या पिशवीतल्या सहाव्या वस्तूच्या संख्येची, तीही सगळ्यात वजनदार बिटाची. एक मास्टर बॉल होता, त्याचे झाले १२९. पोरं वर्षानुवर्षं याला ‘चीट’ म्हणत आली. प्रत्यक्षात तो एका कर्तव्यदक्ष कारकुनाचा प्रामाणिकपणा होता.

पोकेडेक्समधल्या नोंदींच्या मजकुराबद्दल थोडक्यात. मॅगकार्गो या गोगलगायीच्या अंगाचं तापमान सुमारे १०,००० अंश सेल्सिअस, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहून बरंच जास्त. तिला पाळणारी दहा वर्षांची पोरं धडधाकट. साडेचौदा मीटर लांब व्हेलॉर्डचं वजन ३९८ किलो. आणि गॅस्टली नावाचं वायूचं भूत किती जहाल, तर भारतीय हत्तीला दोन सेकंदांत लोळवतं. पोकेमॉनच्या दुनियेत साधा बैलही दिसत नाही, पण मोजमापाला हत्ती हवा तो आपलाच!

आणि २०१९. जूनमध्ये गेमचे निर्माते जुनिची मासुदांनी सांगितलं की ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ या नव्या गेममध्ये सगळे जुने पोकेमॉन आणता येणार नाहीत. त्यांतल्या गालार प्रांताच्या यादीत फक्त ४००. चाहते भडकले, हॅशटॅग पेटले, बहिष्काराच्या शपथा झाल्या. नोव्हेंबरात गेम आला आणि पहिल्याच शनिवार-रविवारात ६० लाखांहून जास्त प्रती खपल्या. शपथा घेणारे त्यांत किती, हे कोणी मोजलं नाही. पुढच्या वर्षी दोनशेहून अधिक जुने पोकेमॉन परत आले. त्यांना मोफत अपडेटमधून अदलाबदलीने आणता येत होतं. रानात जाऊन पकडायचं, तर मात्र वेगळे पैसे.